बागेतलं खरं नाव

संडासाच्या दाराला आतून वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि ते मी वाचायला नको होतं. पण बसल्या जागी माणूस दुसरं करणार काय? आमच्याकडे हॉलंडात घरोघरी ते तिथेच असतं, बरोबर डोळ्यांसमोर, म्हणजे मावशीचा वाढदिवस विसरलो ही सबब कुणाला सांगता येऊ नये. ऑक्टोबरचं पान होतं. तीन तारखेला कुणी हिल्ये, जन्म १९४४. अकराला जुळे भाचे. एकोणीसला शेजारच्या बाई. आणि सत्तावीसला, म्हणजे आजच्याच तारखेला, लाल शाईत, सावकाश काढलेल्या अक्षरात: ‘एप्पोचा दुसरा जन्म, १९८९’. मी ते वाचलं आणि लघवी मध्येच थांबली. चोपन्न वर्षांचा बाप्या, साखर कारखान्यात बीट चिरायची पाती बदलणारा, पॅंट घोट्यांपाशी पडलेली. एप्पो नावाची माणसं ग्रोनिंगेनात काही कमी नाहीत म्हणा, चार दारं वाजवलीत तर एका दारात एप्पो निघेल. पण एकोणनव्वदच्या सत्तावीस ऑक्टोबरला, शुक्रवारी, ज्याला दुसरा जन्म घ्यावा लागला असा एप्पो एकच. त्याचा पहिला जन्म संपवला होता तो मी.

खरं तर मला त्या संडासात जायचं कारणच नव्हतं. माझा समुपदेशक मेन्नो आपल्या घराच्या पुढच्या खोलीत बसतो. तिला रस्त्याकडून वेगळं दार आहे, येणाऱ्यांसाठी वेगळा संडास आहे, आणि ती खोली आणि घर यांच्यामधलं दार कायम बंद असतं. आठ महिने दर सोमवारी मी येतोय, ते दार उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आज पुढचा संडास तुंबला. ‘प्लंबर दुपारी येतोय,’ मेन्नो म्हणाला, ‘आमचा वापर. आत गेलास की स्वयंपाकघराच्या डाव्या हाताला.’ आणि त्याने स्वतः ते दार उघडून दिलं. आत दालचिनीचा वास होता, केक भाजला जात होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत होतं. मेन्नोला नवरा आहे हे मला माहीत होतं. बोटात अंगठी आहे, आणि एकदा बोलता बोलता ‘घरात स्वयंपाक नवरा करतो, मी फक्त खातो’ असं तो म्हणाला होता. नाव सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, कारण त्या खोलीत विचारणारा तो आणि सांगणारा मी.

हा मेन्नो म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं, नाहीतर मागच्या दाराने मी तेव्हाच का पळालो नाही ते कळणार नाही. चोवीस वर्षांच्या संसारानंतर मी बायकोला, आल्त्येला, सांगितलं की मला पुरुष आवडतात. ती म्हणाली, ‘मला ठाऊक होतं. तू तोंडाने कबूल करशील असं मात्र वाटलं नव्हतं.’ आणि घरातली चांगली पातेली घेऊन बहिणीकडे राहायला गेली. त्यानंतर माझी छाती आवळायला लागली. पाती बदलताना, हात यंत्रात कोपरापर्यंत आत, आणि एकदम श्वास नाही. दोनदा मला ॲम्ब्युलन्समधून नेलं. डॉक्टर म्हणाली, ‘रूल्फ, हृदय ठणठणीत आहे. तुझ्यासारख्यांसाठी इथे एक जण आहे, त्याच्याकडे जा.’ तुझ्यासारख्यांसाठी! तिच्या टेबलावरचा तो प्लॅस्टिकचा सांगाडा उचलून तिच्या डोक्यात घालावा असं वाटलं. हे मला फार पूर्वीपासून वाटतं, वाटतं आणि हात शिवशिवतात. एकोणिसाव्या वर्षी गावातल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांपाशी मी कबूल झालो होतो, तेव्हा तिघांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले आणि इतके दाबले की मान मोडायची बाकी राहिली. माझ्यातून ‘ते’ निघून जावं म्हणून दीड तास प्रार्थना चालली. निघेना, तेव्हा म्हणाले, तूच धरून ठेवलंयस. मेन्नोकडेही मी मान ताठ करूनच गेलो होतो. तर हा बुटका, चष्मा डोक्यावर सरकवलेला माणूस पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘तुला बरं करायला मी इथे बसलेलो नाही. तुला पुरुष आवडतात हा आजार नाहीच. लपवता लपवता तू आजारी पडलास. तुझ्यात बिघाड नाही, रूल्फ.’ एवढंच. मी रडलो, आणि लगेच असा संतापलो की हातातला कप भिंतीवर मारणार होतो. ‘इतकं सोपं होतं तर हे आधी कुणी का नाही सांगितलं, च्यायला?’ मी ओरडलो. तो जागचा हलला नाही. म्हणाला, ‘ओरड. इथे ओरडलेलं चालतं.’ दुसऱ्या सोमवारी मी अर्धा तास लवकर येऊन बाहेर सायकलपाशी उभा होतो.

आणि तिसऱ्या सोमवारी त्याने विचारलं, ‘हे लपवायलाच हवं असं तुला पहिल्यांदा कधी वाटलं?’ मी तो शुक्रवार सांगितला. अगदी जसाच्या तसा सांगितला. बाग, तळ्याकाठची झुडपं, हंगाम चालू असल्याने शहरभर पसरलेला बीटाचा तो गोड, कुजका वास, तिघे जण, पहिला फटका तोंडावर, मग बरगड्या, लोखंडी टोकाचा बूट. दोघे थांबले, तिसरा थांबेना. एक फटका इकडचा तिकडे केला नाही. फक्त जमिनीवर पडलेला मुलगा मी होतो असं सांगितलं. ठरवून नाही, देवाशपथ. तोंड उघडलं आणि ते उलटंच बाहेर आलं, आणि एकदा आल्यावर काय गिळता येतंय? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मेन्नोचा चेहरा पांढराफटक पडला. पाण्याचा पेला त्याने माझ्यासाठी भरला आणि स्वतःच प्यायला. मला वाटलं, काय हळव्या मनाचा माणूस आहे. त्यानंतर सगळे सोमवार त्या शुक्रवारावरच उभे राहिले. तो मला बरगडीवर हात ठेवायला सांगायचा आणि म्हणायला लावायचा, ‘मी वाचलो. माझी चूक नव्हती.’ मी माझ्या धडधाकट बरगडीवर हात ठेवून म्हणायचो. आणि गंमत ऐका, मला गुण आला! एप्रिलपासून छाती आवळली नाही. झोप लागायला लागली. जूनमध्ये एका विधुर शाळामास्तराबरोबर मी चक्क कॉफी प्यायला गेलो, खिडकीपाशी बसून, सगळ्या रस्त्याला दिसेल असं. खोट्या जखमेला खरं औषध लागलं. आता याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं.

खरा शुक्रवार मी आजवर कुणालाच सांगितलेला नव्हता. त्याच्या दोन आठवडे आधी एप्पो मला त्याच बागेत भेटला होता. बाजारातल्या मासळीच्या गाड्यावर काम करायचा, हाताला हेरिंग माशाचा वास, समोरच्या दोन दातांत फट, आणि हसताना ती लपवायची अक्कल नव्हती. आम्ही दोघेही अठरा वर्षांचे. चोरून भेटणाऱ्या पुरुषांची त्या बागेत एक रीत होती: खरं नाव कुणी कुणाला सांगायचं नाही. सगळे यान नाहीतर पीट. एकदा मी सात यान एका बाकावर बसलेले पाहिलेत. एप्पोने मात्र तळलेल्या बटाट्याची पुडी पुढे केली आणि म्हणाला, ‘मी एप्पो. खरंच एप्पो. तू?’ आणि मी गाढव, तोंडात बटाटा असताना बोलून गेलो, ‘रूल्फ.’ तो म्हणाला, ‘खरंच रूल्फ?’ मी म्हटलं, ‘खरंच.’ मग त्याने माझं चुंबन घेतलं. ओठांना मीठ लागलेलं होतं. मी सायकल मारत वीस किलोमीटर घरी गेलो तो गात गात, वारा समोरून असूनही. पण त्याला आपलं खरं नाव माहीत आहे हे दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं, आणि ती धास्ती चौदा दिवस गेली नाही.

मग शुक्रवारी संध्याकाळी माझे दोघे चुलतभाऊ आले, डेर्क आणि यान्स. डेर्क म्हणाला, ‘चल शहरात, बायल्ये झोडायला.’ असं म्हणायचे तेव्हा, पोहायला चल म्हणावं तसं. नाही म्हणायला जीभ होती माझ्याकडे. पण नाही म्हणणारा का नाही म्हणतो, हा पुढचा प्रश्न असतो. दिवेलागण झालेली, तळ्यावर धुकं, डेर्कने चालता चालता माझ्या गळ्यात हात टाकून माझी मान काखेत दाबलेली, भावाभावांत दाबतात तशी, त्याच्या तोंडाला बिअरचा वास. झुडपापाशी एक जण पाठमोरा उभा होता. यान्सने त्याला धरून वळवलं, तर एप्पो. घाबरलेला. त्याने डेर्ककडे पाहिलं, मग मला पाहिलं आणि जोरात हाक मारली, ‘रूल्फ!’ डेर्कचा हात माझ्या मानेवर जागच्या जागी थांबला. ‘काय रे,’ तो म्हणाला, ‘तुझं नाव कसं काय ठाऊक ह्याला?’ त्या क्षणी मला दुसरं काहीही सुचलं नाही, फक्त ते तोंड पुन्हा उघडता कामा नये. मी मान सोडवली आणि मारलं. दातांवरच मारलं, त्या फटीवर. माझी मूठ फाटली. तो खाली गेला आणि तरीही त्याच्या ओठांतून र, र असं काहीतरी येत होतं, म्हणून बुटाने मारलं. जबडा मोडल्याचा आवाज झाला तो मला पायातून कळला. खरं सांगायचं तर तेव्हा बरं वाटलं. फार बरं वाटलं. डेर्क आणि यान्स दोन-चार लाथा मारून हसत उभे होते, मग त्यांचं हसू गेलं, मग यान्स रडायला लागला, ‘बस कर रे, मरेल तो, रूल्फ, मरेल.’ मी थांबलो नाही. त्या दोघांनी मला काखेत हात घालून ओढून नेलं. घरी जाताना डेर्क एवढंच म्हणाला, ‘बाप रे, तुला फारच तिटकारा आहे या लोकांचा.’ त्यानंतर माझ्याबद्दल भावांना कधी शंका आली नाही.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणाचं दार दिसत होतं, कडी नुसती लोटलेली. माझा कोट पुढच्या खोलीत होता, पण कोटाचं काय एवढं? तरी पाय पुढच्या खोलीकडेच वळले. करून करून हा माणूस मला काय करणार हे मला बघायचं होतं बहुतेक. मी माझ्या खुर्चीत बसलो. मेन्नोने चष्मा डोळ्यांवर ओढला. ‘बराच वेळ लागला,’ तो म्हणाला. ‘बरा आहेस ना?’

‘एप्पो कोण?’ मी विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. ‘कॅलेंडर,’ तो स्वतःशीच म्हणाला. ‘गाढव आहे मी. महागाढव.’ मग म्हणाला, ‘माझा नवरा.’

आता, मी मनात म्हटलं. आता हा उठेल. माझ्या उजव्या हाताशी खिडकीत दगडी कुंडी होती, निवडुंगाची, तीनेक किलोची. हा अंगावर आला तर ती उचलायची आणि कानाच्या वर घालायची, हे माझ्या हाताने मला न विचारता ठरवून टाकलं. वजनसुद्धा जोखलं. आठ महिने ज्याने मला माणसात आणलं त्याची कवटी कुठे फुटेल ते मी बघत होतो. तो उठला नाही. पुढे वाकला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली.

‘रूल्फ, मला तुझी माफी मागायची आहे.’

‘माझी?’

‘तू तो शुक्रवार सांगितलास ना, त्याच दिवशी मला कळलं. तारीख, बाग, तळ्याकाठची झुडपं. एप्पोला तिथेच मारलं, त्याच संध्याकाळी. माझ्या घरातली गोष्ट या खोलीत आली होती. नियम असा आहे की मी तुला तेव्हाच दुसऱ्या कुणाकडे पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. मला तुला सोडवेना.’

‘का?’

‘कारण तो रूल्फ तू होतास.’ त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. ‘एप्पोने तुला तिथे पाहिलं होतं. त्यांच्यातल्या एकाने तुझी मान काखेत आवळून धरली होती. पकडून आणलं होतं तुला. एप्पोने घाबरून तुला हाक मारली, खऱ्या नावाने. त्यानंतरचं त्याला आठवत नाही, तीन दिवसांनी शुद्धीवर आला. आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलंय: मी नाव घेतलं म्हणून त्या गुंडांची खात्री पटली की रूल्फही माझ्यासारखाच, आणि माझ्यानंतर त्यांनी रूल्फला मारलं. पोलिसांनी विचारलं, आणखी कोण होतं? त्याने तुझं नाव सांगितलं नाही. का, तर तू खेड्यातला, कागदावर नाव आलं तर तुझ्या घरी कळेल. नुसत्या रूल्फ नावावर शोधणार तरी कुठे? छत्तीस वर्षं तो तू मेलास की जगलास याचा घोर लावून बसलाय. आणि मी सात महिने जेवायला त्याच्यासमोर बसतो आणि मूग गिळून गप्प राहतो. कारण तू इथे बोललास ते तुझं आहे, माझं नाही. मघाशी दार उघडून दिलं तेव्हा मी कॅलेंडर नुसतं विसरलो होतो, की तू ते बघावंस असं माझ्या मनात होतं, मलाच सांगता येणार नाही.’ त्याने छताकडे पाहिलं. ‘तो वर आहे. आजच्या दिवशी तो घराबाहेर पडत नाही. रूल्फ, मी त्याला सांगू? फक्त एवढंच, की तू वाचलास?’

माणसाला लाज वाटायला हवी होती. मला संताप आला. डोळ्यांत रक्त उतरलं. कुणी सांगितलं होतं त्याला माझी काळजी करायला? मोडका जबडा घेऊन इस्पितळात पडलेला, तारेने दात बांधलेले, आणि पोलिसांसमोर माझं नाव राखतोय हरामखोर! शिव्या घालायच्या होत्यास, शाप द्यायचा होतास, मी तेवढ्यावर निभावून नेलं असतं. छत्तीस वर्षं मी तेच गृहीत धरून चाललो होतो. तो या क्षणी समोर असता तर मी त्याला पुन्हा मारलं असतं, त्याच जागी. हे मनात आलं आणि त्याच्या मागोमाग, लगेच, दुसरं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा घाण होतं. तो खाली येईल. रडेल. माफी मागेल माझी, आणि मी ती देईन. मोठ्या मनाने देईन. तो मला जवळ घेईल, मेन्नो आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवील, आतला केक कापला जाईल. कुणाचं काय बिघडणार होतं? त्याचा घोर संपला असता, मेन्नोचा जीव सुटला असता, माझी छाती तर आधीच सुटलेली. सगळ्यांना बरं करणारं खोटं. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार?

‘बोलव,’ मी म्हणालो.

मेन्नो वर गेला. दोन आवाज ऐकू आले, एक हळू, एक चढलेला. मग धावत उतरणारी पावलं, आणि शेवटच्या पायरीपाशी ती थांबली. रस्त्याचं दार माझ्यापासून तीन पावलांवर होतं. मी उठून उभा राहिलो, पण त्या दाराकडे पाठ करून.

एप्पो आत आला. अंगात ॲप्रन, हाताला पीठ. केस पांढरे. जबडा डावीकडे सरकलेला, तोंडाची एक बाजू हलत होती आणि एक हलत नव्हती. दात सगळे सारखे, खोटे, मध्ये फट नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘टक्कल पडलं की रे तुला.’ शब्द जपून, एकेक उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. आणि मग त्याला रडू फुटलं. ‘मी तुझं नाव घेतलं,’ तो म्हणाला. ‘तिथे नाव घ्यायचं नसतं, मला माहीत होतं, आणि मी घेतलं. मला माफ कर, रूल्फ. मी घाबरलो होतो रे.’ मेन्नो त्याच्यामागे दारात उभा होता आणि त्याचेही डोळे वाहत होते. एप्पो जवळ आला. पीठ लागलेल्या दोन्ही हातांनी त्याने माझा चेहरा धरला. मला वाटलं चुंबन घेतोय. पण तो बोटांनी चाचपत होता. आधी जबडा, कानाखालून हनुवटीपर्यंत. मग नाक. मग गालाची हाडं. ‘कुठे मारलं तुला? इथे? की इथे?’ त्याने अंगठ्याने माझ्या वरच्या ओठाची कड दाबली, आतले दात लागतात का ते बघितलं. माझे स्वतःचे दात, बत्तीसच्या बत्तीस. ‘किती छान बसवलंय हाड,’ तो म्हणाला. ‘काही कळतसुद्धा नाही. नशीबवान आहेस, तुला डॉक्टर चांगला मिळाला. माझं बघ ना, काय करून ठेवलंय.’ आणि तो हसला, अर्ध्या तोंडाने, माझ्यासाठी आनंदाने हसला.

‘मला कुणी मारलं नाही,’ मी म्हणालो.

‘म्हणजे?’

‘कुणी हात लावला नाही मला. माझे भाऊ होते ते, चुलतभाऊ. पकडून नव्हतं आणलं. मी त्यांच्याबरोबर आलो होतो.’ त्याची बोटं अजून माझ्या गालावर होती. ती काढून घे, मी मनात ओरडत होतो, काढ ती बोटं. ‘तोंडावरचा पहिला फटका माझा. जबडा मी मोडला, बुटाने. ते दोघे थांबले होते. थांबेना तो मी. तू पुन्हा नाव घेऊ नयेस म्हणून.’

बोटं निघाली. सावकाश निघाली, एकेक करून. गालावर पीठ राहिलं ते कोरडं लागत होतं. एप्पोने मला विचारलं, ‘म्हणजे तुला काहीच झालं नाही?’

‘नाही.’

‘त्या दिवशी नाही, नंतरही नाही?’

‘नाही.’

‘छत्तीस वर्षं,’ तो म्हणाला, पण माझ्याशी नाही, स्वतःच्या हातांकडे बघत, आणि खाली बसला. बसला तो माझ्याच खुर्चीत.

मेन्नो पुढे आला. एवढासा माणूस, चष्मा डोक्यावर. तो मला काहीतरी म्हणेल असं वाटलं, त्याच्याकडे प्रत्येक वेळी काहीतरी म्हणायला असायचं. त्याने माझी कॉलर धरली आणि मला भिंतीवर आपटलं. माझं डोकं चौकटीवर आदळलं. इतकी ताकद त्याच्यात कुठून आली कुणास ठाऊक. ‘बरगडीवर हात ठेवून,’ तो म्हणाला, आवाज चिरकलेला, ‘माझ्यासमोर बसून, त्याच्या बरगडीवर हात ठेवून तू...’ त्याने मूठ मागे नेली. मूठ वळतानाही त्याला येत नव्हती नीट, अंगठा आत राहिला होता. मी हात खाली सोडले. कुंडीकडे पाहिलंसुद्धा नाही. हनुवटी थोडी वर केली, म्हणजे त्याला पोचायला सोपं जावं. मार, मी म्हणत होतो, मोठ्याने की मनात ते माहीत नाही, दातांवर मार, सगळे पाड, एक ठेवू नकोस. आयुष्यात इतक्या आतुरतेने मी कशाची वाट पाहिली नव्हती.

‘मेन्नो,’ एप्पो खुर्चीतून म्हणाला. तो आता रडत नव्हता. ‘सोड त्याला. मारू नकोस.’

‘का नको?’

‘बरं वाटेल त्याला.’

मेन्नोची मूठ माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबली. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, जवळून, आठ महिने पाहत आला होता तसं, आणि एप्पो म्हणतो ते खरं आहे हे त्याला तिथे दिसलं. त्याने हात खाली घेतला आणि रस्त्याचं दार उघडून धरलं.